तबकडी आणि ताट

ताईच्या नातवाने इंजिनिअरिंगची पदवी घेतली, ती काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर टांगली आणि मग तो डीजे झाला.

घरात रीतसर परिषद भरली. भावजींनी विचारले, "यात सुटतात किती?" सूनबाईंनी विचारले, "उद्या याच्या लग्नाचं बघताना मुलीकडच्यांना सांगायचं काय?" मी वयाला शोभेलसा प्रश्न विचारला, "आवाज जरा कमी करता येतो का रे?" एकट्या ताईने निराळेच विचारले.

"ते सगळं ठीक आहे. पण तू जेवणार कधी?"

सगळे हसले. मीही हसलो. लग्नात वाजवणारा माणूस, पुढ्यात पाचशे पानांचा स्वयंपाक, आणि आजीला काळजी कसली, तर म्हणे जेवणाची! पण ताई हसली नाही. ती उठून आत गेली आणि डबा घासू लागली.

निवृत्तीनंतर मला जुन्या गवयांची आणि वाजवणाऱ्यांची चरित्रे वाचण्याचा नाद लागला आहे. आपल्याला गाता येत नाही, तर निदान ज्यांना येत होते त्यांचे हाल तरी वाचावेत, एवढाच हेतू. त्या वाचनातून मी एका निष्कर्षाला आलो आहे. संगीताचा इतिहास लोक उगाच राग, घराणी आणि सिंफनी यांच्या आधाराने लिहितात. तो खरा लिहायला हवा तो वाजवणारा जेवला कधी आणि कुणाच्या पंगतीला, यावरून.

आता हायडनचेच पाहा. १७६१ साली हा थोर संगीतकार एस्टरहाझी नावाच्या हंगेरियन सरदारांकडे चाकरीला लागला. त्याचा करारनामा इतिहासाने जपून ठेवला आहे. गणवेश घालून यावे, मोजे पांढरे असावेत, पगार वर्षाला चारशे गुल्डन, आणि जेवण अधिकाऱ्यांच्या टेबलावर. नाहीतर जेवणाऐवजी रोजचा अर्धा गुल्डन. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रोज अर्धा म्हणजे वर्षाचे एकशे ब्याऐंशी गुल्डन आणि वर थोडी चिल्लर. पगाराच्या जवळजवळ निम्मी रक्कम नुसती जेवणाची! सिंफनीचा बाप म्हणवणाऱ्या माणसाने जेवणाचे कलम करारात असल्याची खात्री करून मगच सही केली असणार, असे मला तरी वाटते.

मोझार्टचे नशीब एवढे चांगले नव्हते. १७८१ च्या मार्चमध्ये तो साल्झबर्गच्या आर्चबिशपच्या लवाजम्याबरोबर व्हिएन्नात होता. तिथून त्याने वडिलांना पत्र लिहिले. त्यात संगीताच्या बरोबरीने जेवणाच्या टेबलाचा नकाशा आहे. वरच्या अंगाला आर्चबिशपचे खासगी नोकर, खालच्या अंगाला आचारी आणि मध्ये मोझार्ट. निदान आचाऱ्यांच्या वर बसायचा मान आपल्याला मिळतो, असे तो बिचारा उपहासाने कळवतो. पुढे काही महिन्यांतच त्याने ती चाकरी सोडली. निघताना आर्चबिशपच्या कारभाऱ्याने त्याला अक्षरशः लाथ मारली. म्हणजे जेवणाच्या पंगतीतून जे सुरू होते ते कुठे जाऊन संपते, पाहा!

आपल्याकडे तर हा प्रश्न आणखी नाजूक. लग्नात सनई-चौघडा हवाच. सनईशिवाय मुहूर्ताला मंगलपणा नाही. पण सनई वाजवणाऱ्याला कुठल्या पंगतीला बसवायचे, हे ठरवताना यजमानाचा मंगलपणा आटायचा. मग एक सोयीस्कर तोडगा निघाला. त्याला शिधा द्यायचा. तांदूळ, डाळ, गूळ, पीठ, वर नारळ आणि दक्षिणा. दिसायला मोठा मान, पण त्यातली मेख अशी, की आमच्या मांडवात सूर तुझे चालतील, पान चालणार नाही. तू आपल्या घरी जाऊन चूल पेटव. जातीचा हिशोब इतक्या सभ्य शब्दांत मांडण्याची कला आपल्याइतकी कुणाला साधली असेलसे वाटत नाही.

त्यातून सनईवाल्याचे तोंडच कामात गुंतलेले. हलगीवाल्याचे हात अडकतात, पण चुलत्याने तोंडात पेढा कोंबला तर तो चघळता तरी येतो. सनईवाल्याला तीही सोय नाही. आणि आम्ही वात्रट पोरे काय करायचो, तर त्याच्या समोर उभे राहून मिटक्या मारत चिंच खायचो. त्याच्या तोंडाला पाणी सुटायचे आणि सूर घसरायचा. त्या वेळी आम्हाला ती गंमत वाटे. तो माणूस पहाटेपासून उपाशी असेल, हे आमच्या गावीही नव्हते.

यात सुखी कोण, तर नाटक कंपन्या. नाटके रात्र-रात्र चालत. पण कंपनीबरोबर स्वतःचा आचारी आणि भांडीकुंडी असत. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या पंगतींचा थाट तर नाटकांइतकाच गाजला. कंपनी कर्जात बुडाली तरी बालगंधर्वांनी थाट कमी केला नाही. अर्थशास्त्री त्यांना नावे ठेवोत. वाजवणारे ठेवणार नाहीत.

मग आल्या तबकड्या, आणि इतिहासाला निराळेच वळण लागले. तबकडी म्हणजे लहानसे तबक. पण हे तबक फिरवणाऱ्याच्या वाट्याला ताट किती वेळ येणार, हे त्या तबकडीच्या लांबीवर ठरू लागले. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची जुनी तबकडी एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे वाजायची. त्या वेळात पोळीचा एक घास मोडून होतो, गिळून होत नाही. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले निघाली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटे! घाईत का होईना, पण वरणभातापासून ताकापर्यंत जेवण. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालते. म्हणजे जेवण, वर पान आणि यजमानाच्या मेव्हण्याशी दोन शब्द. १९८२ साली सीडी आली. चौऱ्याहत्तर मिनिटे, वामकुक्षीसुद्धा! विज्ञानाने हे सारे श्रोत्यांच्या सुखासाठी केले असे आपण समजतो. माझी मात्र खात्री आहे, की यामागे कुणीतरी भुकेला माणूस होता.

आता मला १९७४ सालाकडे वळले पाहिजे. टाळता आले असते तर टाळले असते.

त्या वर्षी ताईचे लग्न झाले. आमच्या जुन्या घरापुढे मांडव होता. मी एकोणीस वर्षांचा, आणि पंगतींचे खाते माझ्याकडे. कुणाला कधी बसवायचे, कुणाचे पान कुठे मांडायचे, याचा सर्वाधिकारी मी. खांद्यावर पंचा टाकून मी असा हिंडत होतो, की नवरा मुलगा माझ्यापुढे फिका वाटावा.

स्पीकरवाला माझ्याच वयाचा होता. आंब्याच्या झाडावर त्याने कर्णा बांधला होता आणि झाडाखाली टेबल, ॲम्प्लिफायर आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी. पेटी जुनी आणि तबकड्याही जुन्या. सगळ्या तीन मिनिटांच्या. सकाळी सातपासून तो तिथे उभा होता. पहिली पंगत बसली तेव्हा तो माझ्याकडे पाहून किंचित हसला. मी म्हणालो, "आधी पाहुणे आटोपू देत." दुसऱ्या पंगतीला तो टेबल सोडून चार पावले आला, एवढ्यात गाणे संपले आणि आमचे थोरले काका ओरडले, "अहो, स्पीकर बंद का?" तो पळत परत गेला. तिसऱ्या पंगतीला मी त्याला विसरलो. चौथीला जिलबी संपत आली होती, आणि मला स्वतःचे पान मांडायचे होते.

संध्याकाळी तो तारा गुंडाळत असताना मी जवळून गेलो. "पाणी मिळेल का?" त्याने विचारले. मी तांब्या दिला. त्याने तो एका दमात रिकामा केला आणि म्हणाला, "अजून एक?" दुसरा तांब्या अर्धा झाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मुदपाकखान्याकडे धावलो. आचारी पातेली घासून पालथी घालत होता. परत आलो तोवर स्पीकरवाला सायकलला पेटी बांधून निघून गेला होता. मला हायसे वाटले. ते हायसे वाटणे मला आजतागायत आवडलेले नाही.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. सांगायला सवडही मिळाली नाही, कारण दुसऱ्याच दिवशी माझ्यावर एक वेगळा आळ आला. रुखवतातले बेसनाचे एकवीस लाडू ताईच्या सासरी पोहोचेपर्यंत सोळा झाले होते. तिच्या सासूबाईंनी मोजले. आईने लाजेने मान खाली घातली आणि घरी येऊन माझ्याकडे पाहिले. माझी लाडवांविषयीची कीर्ती पंचक्रोशीत होती. मी शपथा घेतल्या. कुणी ऐकल्या नाहीत. पन्नास वर्षे झाली, अजून घरात लाडू वळले, की कुणीतरी म्हणतेच, "मोजून ठेवा गं, मामा आलेत!"

तर परवाची गोष्ट. नातवाचा मदतनीस पोरगा तापाने पडला आणि त्याच्या जागी मी गेलो. म्हणजे वजन उचलायला नव्हे, वायरींवरून कुणी अडखळू नये म्हणून खुर्ची टाकून बसायला. सातचा स्वागत समारंभ. आम्ही चारला हॉलवर. निघताना त्याने मला कराराचा कागद दाखवला. त्यात स्पष्ट कलम होते: दोन माणसांचे जेवण. मला हायडनची आठवण होऊन भरून आले.

"आता तर तुमची चैनच," मी म्हणालो. "लॅपटॉपवर चार तासांची गाणी लावून ठेव आणि खुशाल जेवायला जा."

"मामाआजोबा," तो म्हणाला, "गाणी आपोआप वाजतात हो, माणसं आपोआप नाचत नाहीत."

ते मला साडेसातनंतर कळले. दर दोन मिनिटांनी कुणीतरी येऊन फर्माईश करी. नवरीच्या मैत्रिणींना जे हवे, ते नवऱ्याच्या आत्याला नको. तबकडी होती तेव्हा लोक म्हणत, पेटीत असेल ते वाजव. आता पेटीत सगळ्या जगाची गाणी आहेत, म्हणून कुठलेच 'नाही' म्हणता येत नाही आणि जागा सोडता येत नाही. ताट तिथे आणावे, तर एक थेंब रस्सा मिक्सरवर सांडला की सगळा कार्यक्रम थंड. म्हणून ही मुले केळी, चणे, पोळीची गुंडाळी असे कोरडे आणि एका हाताने खाण्यासारखे खातात. अगदीच भूक लागली, की 'बरसात की रात'मधली कव्वाली लावतात. ती १९६० सालची आहे आणि दहा मिनिटांहून लांब आहे. बुजुर्ग मंडळी माना डोलावतात, आणि तेवढ्यात हात धुऊन येता येते.

साडेआठला मी यजमानांपैकी एका तरुणाला गाठले. त्याच्या छातीवर 'व्यवस्था' असा बिल्ला होता. मी कराराचे कलम सांगितले. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "हो काका, आधी पाहुणे आटोपू देत."

मी काही बोललो नाही. बोलायला तोंड नव्हते.

दहाला आवाज बंद झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर वाजवायला बंदी आहे. हा नियम झोपणाऱ्यांसाठी केला असे म्हणतात. डीजेला जेवायची वेळ सरकारने नेमून दिली ती अशी. पण तोवर केटररची माणसे भांडी आवळत होती. शिल्लक होती ती बडीशेप.

नातवाने शांतपणे पिशवीतून ताईचा डबा काढला. दशम्या, चटणी आणि खालच्या पुडात बेसनाचे लाडू.

"आजीने सांगितलंय, मामाआजोबांना मोजायला लाव."

मी मोजले. पाच होते.

आम्ही दोघांनी दोन-दोन घेतले. पाचवा लाडू मी बाहेर जनरेटरपाशी बसलेल्या माणसाला नेऊन दिला. त्यालाही कुणी विचारले नव्हते. मग तिथेच उभे राहून ताईला फोन लावला.

ती जागीच होती. "माझ्या खोलीची खिडकी आंब्याकडे होती," ती म्हणाली. "साडी बदलायला मला आत बसवलं होतं. सकाळपासून मी त्या मुलाला बघत होते. तू पाणी दिलंस, तेही बघितलं. तू आत पळालास, तेवढ्यात हाक मारली आणि गजांतून दिले. हाताला लागले ते दिले. पाच होते होय? मी कुठले मोजायला!"

मला राग आवरेना. "मग सांगायचं नाहीस? पन्नास वर्षं मला चोर ठरवलंस!"

फोनवर जरा वेळ काहीच ऐकू आले नाही.

"अरे," ताई म्हणाली, "पंगत तुझ्याकडे होती ना?"