अमळनेरच्या तुपावर उभी राहिलेली सॉफ्टवेअर कंपनी

एरंडोलहून तासाभरात अमळनेर गाठता येतं. बोरीकाठच्या या गावाकडे अभिमानाने सांगण्यासारखं बरंच आहे: सखाराम महाराजांची वाडी, प्रताप शेठजींची कापड गिरणी, 1916 चं तत्त्वज्ञान मंदिर, प्रताप हायस्कुलात शिकवणारे साने गुरुजी. त्याच गावात 29 डिसेंबर 1945 रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी या मुंबईच्या तांदूळ व्यापाऱ्याने ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापली. हीच पुढची विप्रो. संस्थापकाचा मुलगा अझीम तेव्हा पाच महिन्यांचा होता.

जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. भोवताली खानदेशचा भुईमूग, दाराशी सुरत-भुसावळ रेल्वे. कारखान्यात ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप तयार होई. शुद्ध केलेल्या तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की तेल थिजतं, एवढीच त्यामागची किमया. या धंद्यावर सरकारची नजर मात्र कडक होती. वनस्पतीत पाच टक्के तिळाचं तेल घालावंच लागे, म्हणजे कुणी साजूक तुपात त्याची भेसळ केली तर रासायनिक चाचणीत लाल-गुलाबी रंग उमटून चोरी पकडली जाई. तुपाच्या जोडीला ‘787’ हा कपडे धुण्याचा साबणही निघू लागला.

1946 मध्ये कंपनीने लोकांना शेअर विकले. एका शेअरचे 100 रुपये ही तेव्हा लहान रक्कम नव्हती, तरीही गावातल्या काहींनी कागद घेतले आणि घरात ठेवून दिले.

ऑगस्ट 1966 मध्ये प्रेमजी अचानक वारले. स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकणारा एकवीस वर्षांचा अझीम शिक्षण अर्धवट टाकून परतला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने भर सभेत सुनावलं की, पोरा, तुला हे झेपायचं नाही, आपला हिस्सा विकून मोकळा हो. अझीम प्रेमजींनी स्वतःच ही आठवण पुढे अनेकदा सांगितली आहे. त्या गृहस्थाला हसण्यात अर्थ नाही. तूप-साबणाच्या कंपनीत कोवळ्या मुलाच्या हाती कारभार जाताना कुणीही शहाणा माणूस तेच म्हणाला असता.

मुलाने हिस्सा विकला नाही, पण तुपावर विसंबूनही राहिला नाही. 1975 मध्ये हायड्रॉलिक सिलिंडरचा धंदा सुरू झाला. 1977 मध्ये कंपनीच्या नावातून ‘व्हेजिटेबल’ गेलं. त्याच सुमारास जनता सरकारने परकीय भागभांडवलाचा नियम ताणून धरला आणि 1978 मध्ये आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. देशात संगणक बनवणाऱ्यांना अचानक मोकळं रान मिळालं. 1980 मध्ये श्रीधर मिट्टा हे अभियंते आले आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात प्रयोगशाळा थाटून मिनी कॉम्प्युटर घडवायला बसले. पुढे सॉफ्टवेअरसाठी ‘विप्रो सिस्टिम्स’ निघाली. तिची तयार पॅकेजं फारशी चालली नाहीत. पैसा मिळाला तो परदेशी कंपन्यांची कामं करून देण्यात, आणि त्या जोरावर ऑक्टोबर 2000 मध्ये विप्रो न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात दाखल झाली.

आज नव्या कंपनीला पहिल्याच वर्षी गुंतवणूकदार लागतो, आणि तो दोन-तीन वर्षांत हिशेब मागतो. विप्रोच्या संगणकामागे साबण-तुपाचा रोजचा गल्ला होता. खानदेशाने या उद्योगाला प्रोग्रॅमर दिले असतील-नसतील. बाजारभाव न विचारता तीस-तीस वर्षं थांबणारे भागधारक नक्की दिले. ते थांबणं फळलंही कसं! 1980 मध्ये हाती असलेल्या 100 रुपयांच्या एका शेअरचे बोनस आणि विभाजनं धरून 2010 पर्यंत 96 हजार शेअर झाले. अमळनेरच्या ‘विप्रो करोडपतीं’वर पत्रकार येऊन बातम्या लिहू लागले ते यामुळे.

2013 मध्ये साबण, दिवे आणि हायड्रॉलिक्स सॉफ्टवेअरपासून वेगळे होऊन ‘विप्रो एंटरप्रायझेस’कडे गेले. अमळनेरचा कारखानाही त्यांच्याबरोबर गेला. नवी कंपनी शेअर बाजारात नोंदवलेली नव्हती, म्हणून भागधारकांना पर्याय देण्यात आला: तिचे शेअर घ्या, किंवा त्यांच्या बदल्यात सॉफ्टवेअरवाल्या विप्रोचे आणखी शेअर पदरात पाडून घ्या.