'अ'च्या घरात पंचाहत्तर वर्षं

पुण्यात येरवड्याच्या बाजूला, डेक्कन कॉलेजच्या आवारात संस्कृत कोशाचं काम चालतं. '1948 पासून बसलेत आणि अजून अ वरच आहेत,' हा त्याच्यावरचा ठरलेला टोमणा. टोमणा खरा आहे. तिसाहून अधिक खंड निघाले, आणि सगळे 'अ'चे.

ही संस्था एकदा बंद पडून पुन्हा उभी राहिलेली. 1821 साली विश्रामबागवाड्यात पेशव्यांच्या दक्षिणा फंडातून निघालेल्या पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. 1934 मध्ये सरकारनं ते बंद केलं. माजी विद्यार्थी हटले नाहीत, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 17 ऑगस्ट 1939 रोजी ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. पुरातत्त्वज्ञ सांकळिया, मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे आणि भाषाशास्त्रज्ञ सुमित्र मंगेश कत्रे ही या नव्या पर्वातली माणसं. कोशाची कल्पना कत्र्यांची.

तोवर संस्कृतचे कोश नव्हते असं नाही. बोटलिंक आणि रोट यांचा पीटर्सबर्गचा अजस्र कोश 1875 मध्ये पुरा झाला होता, आपट्यांचा 1890 पासून पुण्याच्या घराघरात होता, मोनिअर-विल्यम्सची मोठी आवृत्ती 1899 ची. कत्र्यांना हवं होतं ते निराळं. प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ पहिल्यांदा कुठं भेटतो, पुढं कसा वळतो, हे अवतरणांसह कालक्रमानं मांडायचं. नमुना ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा. त्याची कल्पना 1857 ची आणि शेवटचा भाग 1928 चा, हेही कत्र्यांना ठाऊक असणारच. मग वेदांपासून वैद्यक, ज्योतिष, शिल्पशास्त्रापर्यंतचे सुमारे 1500 ग्रंथ निवडले गेले. पंचवीसएक वर्षं पंडितांनी ते वाचून चिठ्ठ्या लिहिल्या: शब्द, वाक्य, संदर्भ. चिठ्ठ्या झाल्या जवळपास 1 कोटी. पहिला भाग छापून आला तो 1976 मध्ये, अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली.

एवढा वेळ कुठं जातो, ते 'अक्ष' या एका शब्दावरून कळेल.

अक्ष म्हणजे गाडीच्या चाकांमधला दांडा, आपल्या गाडीवानांचा 'आंस'. अक्ष म्हणजे जुगाराचा फासा. ऋग्वेदातला जुगारी ज्याच्यापायी घरदार घालवून बसतो तोच. वेदकाळी फासे बेहड्याच्या फळांचे असत, म्हणून बेहड्याचं झाडही अक्ष. समासाच्या शेवटी अक्ष म्हणजे डोळा: रुद्राक्ष, आणि बैलाच्या डोळ्यासारखी खिडकी ती गवाक्ष. वैद्यकात ते वजनाचं माप, ज्योतिषात अक्षांश. चिठ्ठीवर मात्र सगळीकडे तीच दोन अक्षरं.

हा एक शब्द की तीन? निरुक्तकार यास्कानं फाशाचा अक्ष 'अश्' धातूशी जोडला, आणि त्या वाटेनं गेलं तर बाकीचेही अर्थ ओढूनताणून एका घरात बसवता येतात. पण शेजारच्या भाषा बोलू लागल्या की घर फुटतं. दांड्याला लॅटिनमध्ये 'अक्सिस', ग्रीकमध्ये 'अक्सोन', जर्मनमध्ये 'आक्से'. डोळ्याला लॅटिनमध्ये 'ओकुलुस', रशियनमध्ये जुना शब्द 'ओको'. सगळ्यात चोख साक्ष लिथुआनियनची: दांडा 'अशिस', डोळा 'अकिस'. मुळात वेगळे असलेले दोन ध्वनी तिनं वेगळे राखले. संस्कृतनं दोन्ही 'क्ष'मध्ये मिसळून टाकले. म्हणजे दांडा आणि डोळा हे सख्खे नव्हेत, नुसते एकाच नावाचे. फाशाचा अक्ष यांतल्या कुणाचा, यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही. फाशांचा डाव जिथं मांडत ती कुंपण घातलेली जागा 'अक्षवाट'. तोच शब्द पुढं कुस्तीच्या जागेला लागला, प्राकृतातून घासत आला, आणि त्याचा झाला आखाडा. आखाड्यात लाल माती अंगाला लावणाऱ्या पैलवानाला आपण जुगाऱ्यांच्या जागेत उभे आहोत, हे सांगायला जाऊ नये.

हे फक्त दोन अक्षरांच्या एका शब्दाचं झालं. 'अ'च्या घरात अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग राहतात. शिवाय नकाराचा 'अ' कुठल्याही शब्दाला लागून नवा शब्द जन्माला घालतो. पुढची अक्षरं एवढी खादाड नाहीत. त्यामुळं पंचाहत्तर वर्षांना एक अक्षर असा हिशेब मांडणाऱ्यांचं गणित चुकतं. तरीही माझी तक्रार आहेच. असं काम दोन-तीन पिढ्या पुरणाऱ्या माणूसबळावर चालतं, आणि वेद, व्याकरण, भाषाशास्त्र तिन्ही येणारी माणसं तयार करण्याकडं विद्यापीठांचं लक्ष नाही.

आता चिठ्ठ्यांचं संगणकीकरण झालं आहे, 'कोशश्री' नावाची प्रणाली त्यासाठी बनवली आहे. कपाटं उघडून चिठ्ठ्या शोधण्याचे दिवस त्यानं वाचतील. कुठली चिठ्ठी दांड्याखाली घालायची आणि कुठली फाशाखाली, हे मात्र संपादकानं ते वाक्य वाचूनच ठरवायचं आहे.