डोळे बांधून शिकलेली विद्या

साल 1917, वसंताचे दिवस. उत्तर फ्रान्समधल्या अरास शहराच्या पिछाडीला, ब्रिटिश थर्ड आर्मीच्या तळावर तुम्ही उभे आहात. तुम्ही डॉक्टर नाही, स्ट्रेचर वाहणारे शिपाई आहात. तरी सार्जंट तुम्हाला मोडलेली मांडी बांधायला शिकवतो आहे, आणि तेही डोळ्यांवर पट्टी बांधून.

सोबती जखमीचं सोंग घेऊन पडला आहे. हुकूम सुटतो. तुम्ही चाचपडत त्याचा बूट दोन्ही हातांनी धरता आणि पाय सरळ रेषेत ओढता. दुसरा मांडीला आधार देतो. तिसरा लोखंडी कडं पावलावरून वर जांघेपर्यंत सरकवतो. कडं तुमच्या हातांवरून जाताना एकेक हात काढायचा, पण ताण ढिला पडू द्यायचा नाही. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

एवढा अट्टहास कशासाठी? मांडीचे स्नायू फार दांडगे. हाड मोडलं की ते तुटकी टोकं एकमेकांवर ओढतात. मग स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्यागणिक ती टोकं आतलं मांस फाडतात. एकट्या मांडीत लिटरभर रक्त सहज साचतं. पाय ओढून ताणात बांधला, तरच हे थांबतं.

ही लोखंडी चौकट, म्हणजे थॉमस स्प्लिंट, नवी नाही. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस हे पिढीजात हाडं बसवणाऱ्या घराण्यातले. क्षयाने सडलेल्या गुडघ्याला विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी ती घडवली आणि 1875च्या पुस्तकात मांडली. पण लिव्हरपूलबाहेर तिला फारसं कोणी विचारलं नाही. पहिलं महायुद्ध पेटल्यावर त्यांचा भाचा, सर्जन रॉबर्ट जोन्स, तिच्यासाठी हटून बसला. थर्ड आर्मीचे सल्लागार सर्जन हेन्री ग्रे यांनी ती थेट आघाडीपर्यंत आणली.

9 एप्रिल, ईस्टरचा सोमवार. लढाई सुरू होते. बर्फमिश्रित पाऊस, चिखल आणि रात्री मिट्ट काळोख. समोरचा जखमी आता सोंग घेत नाही. दिवा लावणं म्हणजे तोफांना पत्ता देणं. पण तुमच्या हातांना उजेड लागत नाही. बूट, पँट तसेच ठेवून तुम्ही कडं चढवता, दोरी ताणून बांधता. त्याचं कण्हणं कमी होतं.

1916मध्ये अशा जखमींपैकी 80 टक्के दगावत, असं जोन्स यांनी पुढे लिहिलं. तो आकडा फुगवलेला आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. मात्र अरासला मांडी मोडलेल्या 1,009 जखमींत मृत्यूचं प्रमाण 15.6 टक्के होतं, अशी नोंद ग्रे यांनी केली.

पुढे लिव्हरपूल विद्यापीठाने ऑर्थोपेडिक्सची खास पदवी सुरू केली. कित्येक भारतीय डॉक्टर तिथून 'एम.सीएच. ऑर्थ' होऊन परतले. थॉमस स्प्लिंट आजही आपल्या सरकारी इस्पितळांच्या वॉर्डांत दिसतो.

लोखंड तेच होतं. फरक पाडला तो ते आघाडीपर्यंत नेण्याने आणि तालमीने. म्हणून हाडांचं शिक्षण फक्त सर्जनपुरतं ठेवून भागणार नाही. ते रुग्णवाहिकेतल्या माणसापर्यंत, पोलिसापर्यंत पोचायला हवं. आणि तुम्ही? रस्त्यावर मांडी मोडलेला माणूस दिसला, तर त्याला हातपाय धरून रिक्षात कोंबू नका. पाय हलू देऊ नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि 108 फिरवा.