गंधर्वांचे भक्त आणि त्यांचीं उफराटीं मतें



कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या या शहरांत, तेव्हां त्याचें नांव औरंगाबाद होतें आणि आज छत्रपति संभाजीनगर आहे, गुलमंडीजवळचा एक जुना वाडा विकला गेला. भांडीं, कपाटें, देव्हारा यांची वांटणी झाली. उरल्या त्या लांकडी पेट्यांतील सुमारें दीडशें तबकड्या. त्यांतील निम्म्याहून अधिक एकाच गायकाच्या होत्या: नारायणराव राजहंस, अर्थात् बालगंधर्व. घरच्या मालकांचे चिरंजीव परगांवीं राहणारे. ते आम्हांला म्हणाले, "काका, मी एक पेटी बरोबर नेतों. बाकीच्या तुम्ही मंडळी न्या. पण माझ्या पेटींत कोणत्या घालायच्या तें तुम्हींच सांगा." पेटींत पंचवीस तबकड्या मावत. आम्ही पांच जण निवड करावयास बसलों. दुपारीं दोन वाजतां बसलेली मंडळी दिवेलागण झाली तरी भांडतच होती.

त्या भांडणाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे. कारण तें भांडण आमचें नव्हतें. तें आमच्या जन्मापूर्वींच सुरू झालेलें होतें.

रूढ मत काय आहे तें प्रथम सांगतों. १९१३ सालीं नारायणराव, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले आणि त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ च्या डिसेंबरांत त्या मंडळीनें खाडिलकरांचें 'स्वयंवर' रंगभूमीवर आणलें. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी नारायणरावांची. त्या दिवसापासून आजतागायत कोणाही रसिकास विचारा, गंधर्वांचें शिखर कोणतें, तर तो डोळे मिटून म्हणेल, 'स्वयंवर'. ख्यालाची घरंदाज चीज आणि मराठी पद यांचा असा मिलाफ पूर्वीं झाला नव्हता, हें खरेंच आहे. परंतु सर्वांनीं एक गोष्ट कबूल केली कीं ती नाकबूल करणारा कोणी तरी उभा राहतोच, आणि गंमत अशी कीं तो बहुधा सर्वांत मोठा भक्त असतो.

आमच्यांतील एका गृहस्थांचा नातू विलायती संगीताचा शौकीन आहे. त्यानें सांगितलें, बीटल्स नांवाच्या इंग्लंडांतील चौकडीच्या भक्तांतही हाच तंटा आहे. त्यांच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर' या संग्रहास जग डोक्यावर घेतें, आणि खरे जाणकार म्हणविणारे १९६६ च्या 'रिव्हॉल्वर'ची बाजू घेतात. "आजोबा, तुमच्यासारखेच आहेत ते," असें तो म्हणाला. आम्हांला तें फारसें रुचलें नाहीं.

बालगंधर्वांविरुद्ध पहिलें उफराटें मत त्यांच्या उदयाबरोबरच जन्मलें. ज्यांनीं भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा ऐकली होती, त्यांच्या लेखीं हा नवा मुलगा गोड होता, पण भाऊराव नव्हता. भाऊरावांचा उंच, दाणेदार आवाज त्यांच्या कानांत घुमत होता. या म्हाताऱ्यांशीं वाद घालण्याची सोयच नव्हती. भाऊराव फेब्रुवारी १९०१ मध्यें वारले. ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ ध्वनिमुद्रणासाठीं हिंदुस्थानांत प्रथम आला तो १९०२ च्या अखेरीस. पुरतीं दोन वर्षेंही मध्यें गेलीं नव्हतीं! तेवढें आयुष्य भाऊरावांस आणखी लाभतें तर तो तंटा एका तबकडीनें मिटला असता, किंवा अधिकच पेटला असता.

दुसरा पंथ केशवराव भोसल्यांचा. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठीं 'संयुक्त मानापमान' झालें. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या एका रात्रीपुरत्या एक झाल्या. भामिनी नारायणराव, धैर्यधर केशवराव. त्या रात्रीं कोण जिंकला याची चर्चा शंभर वर्षांनंतरही मराठी घरांत होते. केशवराव त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं निवर्तले. त्यामुळें त्या रात्रीला एक प्रकारचें पावित्र्य आलें आहे. त्या प्रयोगाचें ध्वनिमुद्रण नाहीं. तें शक्यही नव्हतें. कारण त्या काळीं गायकास कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन गावें लागे, आणि विजेचा ध्वनिग्राहक १९२५ च्या सुमारास आला. तरीही आमच्यांतील एक जण, ज्यांचा जन्म त्या रात्रीनंतर पंधरा वर्षांनीं झाला, केशवरावच वरचढ ठरले असें शपथेवर सांगतात.

येथें मराठवाड्याचा विशेष सांगितला पाहिजे. पुण्यामुंबईच्या माणसानें गंधर्व पाहिले. आमच्याकडील बहुतेकांनीं ते ऐकले. निजामाच्या राज्यांत शिक्षणाची व दरबाराची भाषा उर्दू. १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ अन्वयें जाहीर सभा भरवावयाची म्हणजे आधीं सरकारी परवानगी हवी. घरांतल्या ग्रामोफोनला मात्र परवानगी लागत नसे. तेव्हां संध्याकाळीं ओसरीवर यंत्राची किल्ली फिरविली कीं आळींतली माणसें जमत. पुढें या शहरास स्वतःचें नभोवाणी केंद्रही मिळालें. १९४७ सालीं संस्थानी मुलखांत जीं पांच केंद्रें होतीं, त्यांत म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद व बडोदें यांच्या जोडीला औरंगाबाद होतें. पण माझ्या पिढीच्या कानांवर गंधर्वांचा पहिला संस्कार झाला तो तबकडीचाच.

आणि तबकडी ही मोठी कठोर परीक्षक आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटें मिळतात. रंगभूमीवर जें पद वन्समोअर घेत घेत रात्र खाऊन टाकी, तें एवढ्याशा जागेंत कोंबावयाचें. 'स्वयंवरां'तील पदांचें सारें वैभव विस्तारांत आहे. आलाप, मग बोल, मग तान, पुन्हा मुखडा. तीन मिनिटांत त्या राजवाड्याचा फक्त दरवाजा दिसतो. उलट ज्या पदांची शोभा एका मुरकींत, एका उच्चारांत आहे, तीं तबकडीवर जशींच्या तशीं उतरलीं.

त्या दुपारीं मी हाच मुद्दा मांडला. मी म्हणालों, "आपण 'स्वयंवर' श्रेष्ठ म्हणतों तें कोणत्या आधारावर? आपणांपैकीं एकानेंही तें पाहिलेलें नाहीं. आपलें 'स्वयंवर' वडिलांकडून उसनें घेतलेलें आहे." यावर जें वादळ उठलें त्याचें वर्णन करीत नाहीं.

एका वकील स्नेह्यांनीं 'द्रौपदी'ची बाजू घेतली. १९२० च्या डिसेंबरांतील हें नाटक. लेखक खाडिलकर आणि चाली बखलेबुवांच्याच. मयसभेच्या थाटामाटावर नारायणरावांनीं हात सैल सोडला, मंडळी कर्जांत बुडाली, तें फेडण्यांत त्यांचीं पुढचीं उमेदीचीं वर्षें गेलीं. म्हणून 'द्रौपदी' म्हटलें कीं लोकांस गाणें आठवत नाहीं, हिशेब आठवतो. वकीलसाहेबांचें म्हणणें असें कीं १९२२ सालीं बखलेबुवा गेले. तेव्हां त्या गुरुशिष्यांचा शेवटचा मोठा संसार तो हाच, आणि त्यांतील चाली 'स्वयंवरा'पेक्षां गंभीर व प्रौढ आहेत. त्यांच्या युक्तिवादांत तथ्य आहे. खर्चिक नाटक म्हणजे फसलेलें नाटक हें गणित सावकाराचें. रसिकानें तें कां मानावें?

माझें स्वतःचें उफराटें मत यापुढचें आहे, आणि तें बोलून दाखविण्यास मला अजूनही थोडा संकोच वाटतो. मला 'कान्होपात्रा' अधिक आवडतें. १९३१ चें हें नाटक ना. वि. कुलकर्ण्यांचें. त्या वेळीं नारायणराव त्रेचाळिशींत होते. आवाजाची पूर्वींची चपळाई राहिली नव्हती, देह स्थूल झाला होता, बोलपट दारांत येऊन उभा होता. मंगळवेढ्याची कान्होपात्रा बिदरच्या बादशहाचें बोलावणें येतांच पंढरीच्या विठ्ठलाचे पाय धरते ही कथा. आणि बिदर तेव्हां आमच्याच निजामी राज्यांत. संगीत मास्टर कृष्णरावांचें. म्हणजे बखलेबुवांच्याच शिष्याचें. त्यांचें फुलंब्रीकर हें आडनांव येथून अर्ध्या दिवसांत पायीं जातां येईल अशा गांवाशीं नातें सांगतें. या नाटकांतील अभंगांत तानेचा दिमाख नाहीं. शब्दावर स्वर हलकेंच टेकतो आणि थांबतो. तरुण नारायणरावांस असें थांबतां आलें असतें असें मला वाटत नाहीं. ज्यांना यांत केवळ उतरलेला आवाज ऐकूं येतो, त्यांच्याशीं माझें भांडण नाहीं. त्यांनीं पुन्हा एकदां ऐकावें इतकेंच.

परंतु एका बाबतींत मी स्वतः रूढ मताचा बंदा गुलाम होतों, तें कबूल केलें पाहिजे. प्रभातनें १९३५ सालीं 'धर्मात्मा' काढला. शांतारामबापूंचें दिग्दर्शन, संगीत पुन्हा मास्टर कृष्णरावांचें, आणि आपल्या पैठणच्या एकनाथांच्या भूमिकेंत बालगंधर्व. चित्रपटाचें मूळ नांव 'महात्मा'. त्या नांवांत गांधीजींची सावली पाहून सरकारी तपासनिसांनीं तें बदलावयास लावलें. ज्यांनीं तीस वर्षें नारायणरावांस शालूंत पाहिलें होतें, त्यांना धोतर-उपरण्यांतील नाथ पाहवेनात. प्रभातशीं जुळलेला संबंध त्या एका चित्रपटावरच थांबला. "गंधर्वांचा पुरुषवेष फसला" हें वाक्य मीं वडिलांच्या तोंडून ऐकलें आणि तीस वर्षें तसेंच पुढें चालविलें. चित्रपट मात्र पाहिला नव्हता! पुढें पाहिला तेव्हां लाजलों. अस्पृश्याच्या लेंकराला उचलून घेणारा तो सौम्य, कांहींसा अवघडलेला मनुष्य मला नट वाटलाच नाहीं. अवघडलेपण कॅमेऱ्यापुढचें असेल. नाथांच्या अंगावर तें शोभून गेलें. दोनच वर्षांनीं 'साध्वी मीराबाई'त नारायणराव पुन्हा स्त्रीवेषांत पडद्यावर आले. लोकांनीं जें मागितलें होतें तेंच त्यांना मिळालें, आणि तेंही त्यांना चाललें नाहीं.

असो. वाड्यांतल्या त्या निवडीकडे परत येतों. रात्रीं आठ वाजेपर्यंत चोवीस तबकड्या ठरल्या. त्यांत 'स्वयंवरा'च्या आठ, 'मानापमाना'च्या सहा आल्या; बहुमतापुढें इलाज नसतो. 'कान्होपात्रे'च्या चार मीं भांडून मिळविल्या, 'द्रौपदी'च्या तीन वकीलसाहेबांनीं. उरलेल्या तीन 'सौभद्रा'च्या, त्यांबद्दल वाद झालाच नाहीं. पंचविसाव्या जागेवर मात्र गाडें अडलें. इतका वेळ आंतल्या खोलींत बसून सगळें ऐकणाऱ्या घरच्या आजी तेव्हां काठी टेकीत बाहेर आल्या. त्यांनीं खालच्या पेटींतून एक तबकडी काढली. 'एकच प्याला'ची. गडकरी जानेवारी १९१९ मध्यें गेले आणि पुढच्याच महिन्यांत बडोद्यास त्याचा पहिला प्रयोग झाला. पदें गुर्जरांचीं, चाली सुंदराबाईंच्या. ज्या नटाचीं वस्त्रें आणि केशरचना पाहून घरंदाज बायका आपला साज ठरवीत, तोच नट तेथें सिंधू होऊन ठिगळाच्या लुगड्यांत जात्यावर बसला होता.

आजी म्हणाल्या, "तुम्ही सगळे राण्यांबद्दलच बोलतां आहांत. माझी सासू ही एवढी एकच लावायची. आणि लावली कीं उठून आंत जायची."

तबकडीची कड टवकलेली होती. वकीलसाहेबांनीं ती उजेडाकडे धरून पाहिली, सुई आरंभीं अडखळेल असें म्हणाले, आणि पेटींत सर्वांत वर ठेवून दिली.