दांडगाईचा चेहरा: ‘डोरेमॉन’मधील जियान आणि एका प्ररूपाचा इतिहास

बालसाहित्यातील दुष्ट पात्रांचा विचार आपल्याकडे बहुधा नीतिबोधाच्या अंगाने होतो. राक्षस, चेटकीण, सावत्र आई ह्या पात्रांचे दुष्टपण कथेच्या आरंभीच गृहीत धरलेले असते आणि शेवटी त्यांचा निःपात होऊन नैतिक व्यवस्था पूर्ववत होते. शेजारच्या गल्लीत राहणारा, आज मारणारा, उद्या पुन्हा भेटणारा आणि परवा कदाचित आपल्याच बाजूने उभा राहणारा दांडगट मुलगा मात्र ह्या व्यवस्थेत बसत नाही. त्याचा वध करता येत नाही आणि त्याच्यापासून सुटकाही नसते. अशा पात्राचा अन्वयार्थ लावायचा तर नीतीपेक्षा इतिहासाकडे वळावे लागते. फुजिको एफ. फुजिओ ह्यांच्या ‘डोरेमॉन’ ह्या चित्रमालिकेतील ताकेशी गोदा, म्हणजेच जियान, ह्या व्यक्तिरेखेच्या आधारे हा इतिहास तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. हिंदी रूपांतरामुळे हे पात्र महाराष्ट्रातील घराघरांतही ओळखीचे झाले आहे. परंतु त्याचे मूळ ज्या सामाजिक अवकाशात आहे, त्याची दखल आपण क्वचितच घेतली आहे.

१

जपानी भाषेत ह्या प्ररूपाला एक स्वतंत्र संज्ञा आहे: ‘गाकि-दाइशो’. ‘दाइशो’ म्हणजे सेनापती. ‘गाकि’ हा शब्द बौद्ध परंपरेतून आलेला असून संस्कृत ‘प्रेत’ ह्या संकल्पनेचे ते चिनीमार्गे झालेले भाषांतर आहे. सदैव भुकेला, कधीही तृप्त न होणारा जीव हा त्याचा मूळ अर्थ. बोलीभाषेत तो हावऱ्या, आडदांड पोरासाठी रूढ झाला. तेव्हा ‘गाकि-दाइशो’ म्हणजे भुकेल्या पोरांचा सेनापती. ह्या संज्ञेत तिरस्कार आणि मान्यता एकाच वेळी नांदतात. असा मुलगा छळवादी असतो, पण तो छळ एका व्यवस्थेच्या आत चालतो. त्याच्या हाताखाली टोळी असते, टोळीला सीमा असतात आणि सीमेबाहेरच्यांपासून टोळीचे रक्षण करण्याचे कर्तव्यही त्याच्यावर येते.

साहित्यात हे प्ररूप जियानपेक्षा बरेच जुने आहे. हिगुचि इचियो ह्यांच्या, १८९५-९६ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या ‘ताकेकुराबे’ ह्या दीर्घकथेत योशिवारालगतच्या वस्तीतील मुलांच्या दोन टोळ्या आहेत. मागच्या गल्लीतल्या टोळीचा म्होरक्या चोकिचि हा अग्निशामक दलाच्या नायकाचा मुलगा. त्याचा प्रतिस्पर्धी सावकारी करणाऱ्या घरातला. उत्सवाच्या रात्री चोकिचि प्रतिस्पर्ध्याच्या शोधात दुकानावर चालून येतो, तो सापडत नाही म्हणून दुसऱ्याच मुलाला बडवतो आणि मध्ये पडलेल्या मिदोरीच्या कपाळावर चिखलाने माखलेली चप्पल फेकून मारतो. ह्या प्रसंगात दांडगाईचे वर्गीय मूळ उघड आहे. पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांच्याविरुद्ध अंगबळ वापरले जाते, आणि घाव मात्र सर्वांत असुरक्षित व्यक्तीवर पडतो. इचियो चोकिचिचा राग समजून घेतात, परंतु मिदोरीच्या कपाळावरचा चिखल वाचकाला विसरू देत नाहीत. समजून घेणे आणि क्षमा करणे ह्यांतील हे अंतर पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरेल.

२

‘डोरेमॉन’ १९६९ च्या अखेरीस, १९७० च्या जानेवारी अंकांपासून, शोगाकुकान ह्या प्रकाशनसंस्थेच्या इयत्तावार निघणाऱ्या मासिकांतून प्रसिद्ध होऊ लागले. ‘फुजिको फुजिओ’ हे त्या काळी हिरोशि फुजिमोतो (१९३३-१९९६) आणि मोतोओ आबिको (१९३४-२०२२) ह्या दोघांचे संयुक्त टोपणनाव होते. ‘डोरेमॉन’ मात्र फुजिमोतो ह्यांची निर्मिती. १९७३ मधील पहिली दूरचित्रवाणी मालिका सहाच महिने चालली. १९७९ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या मालिकेने ह्या पात्रांना सार्वत्रिक ओळख दिली.

जियानचे राज्य ज्या जागेवर चालते ती जागा प्रथम पाहिली पाहिजे. टोकियोच्या निवासी वस्तीत घरांच्या मधोमध एक मोकळा भूखंड आहे आणि त्यावर सिमेंटचे तीन मोठे नळ एकावर एक रचून ठेवले आहेत. सुमारे १९५५ ते १९७३ ह्या वेगवान आर्थिक वाढीच्या कालखंडातील शहराची ही खूण आहे. घर बांधले जाण्यापूर्वीची आणि नळ जमिनीखाली जाण्यापूर्वीची ही मधली अवस्था. मुलांची सत्ता अशाच तात्पुरत्या, प्रौढांच्या नजरेतून सुटलेल्या जागेवर उभी राहू शकते. वाचकांच्या परिसरातून हे भूखंड नाहीसे होत गेले, तरी चित्रांतील भूखंड होता तसाच राहिला. जियान हा अशा रीतीने एका नष्ट झालेल्या भूगोलाचा रहिवासी आहे.

त्याचे घरही असेच बोलके आहे. नोबिताचे वडील पगारदार नोकर आहेत, सुनिओचे घर श्रीमंत आहे, आणि जियानची आई वस्तीतले छोटे दुकान चालवते. जियानला दुकानात काम करावे लागते, माल पोचवावा लागतो आणि चुकल्यास आईचा मार खावा लागतो. मोठ्या दुकानांपासून छोट्यांना संरक्षण देणारा कायदा जपानने १९७३ मध्ये केला, ह्यावरून त्या व्यवसायाची स्थिती काय होती ते कळते. इतरांच्या वस्तू हिसकावून घेणारा, तुझे ते माझेच आणि माझे तर माझे आहेच अशा आशयाचा सिद्धान्त मांडणारा हा मुलगा वस्तूंच्या दुकानातच वाढतो आहे, पण त्यातील एकही वस्तू त्याची नाही. हा विरोधाभास मला केवळ योगायोग वाटत नाही. सुनिओकडे नवी खेळणी विकत येतात आणि जियान ती बळाने मिळवतो. चोकिचिच्या गल्लीतील जुने समीकरण येथे उपभोगाच्या युगात नव्याने मांडले गेले आहे.

३

ह्या व्यक्तिरेखेची खरी गुंतागुंत १९७४ मधील दोन कथांत दिसते. इयत्ता तिसरीच्या मासिकाच्या मार्च अंकात डोरेमॉनचा निरोप रंगवला आहे. डोरेमॉनला भविष्यात परत जायचे आहे आणि नोबिताचे कसे होईल ह्याची त्याला चिंता आहे. त्या रात्री झोपेत चालणाऱ्या जियानची नोबिताशी गाठ पडते. आपली ही अवस्था कोणी पाहिली ह्याचा संताप येऊन जियान त्याला मारू लागतो. नोबिता मदतीची हाक देत नाही. मार खातो, पुन्हा उठतो, पुन्हा चिकटतो, आणि अखेर जियानच कंटाळून हार मानतो.

एप्रिलमध्ये तेच वाचक चौथीत गेले आणि चौथीच्या मासिकात पुढची कथा आली. एक एप्रिलचा दिवस आहे. डोरेमॉन परत आल्याचे जियान नोबिताला सांगतो. नोबिता आनंदाने धावत सुटतो, आणि ती थाप असल्याचे उघड होते. बोललेले सारे उलटे खरे करणारे औषध पिऊन तो सूड उगवतो. शेवटी डोरेमॉन आता कधीच येणार नाही असे त्याच्या तोंडून निघते, आणि म्हणूनच डोरेमॉन येतो.

ह्या दोन कथा शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे एक भेद स्पष्ट होतो. पहिलीत शरीराची हिंसा आहे. ती निर्घृण आहे, परंतु समोरासमोरची असल्यामुळे नोबिताला तिचा प्रतिकार करता येतो आणि त्यातून त्याला प्रतिष्ठा मिळते. दुसरीत एकही ठोसा नाही. दुसऱ्याच्या सर्वांत हळव्या आशेला नेमके हेरून तिची थट्टा केली आहे, आणि नोबिता मोडतो तो येथे. तिचा प्रतिकार अंगबळाने होऊ शकत नाही, त्याला जादूच लागते. म्हणजे दांडगाईची दोन रूपे, मुठीची आणि शब्दाची, फुजिमोतो ह्यांनी एकाच पात्रात ठेवली होती, आणि दुसरे रूप अधिक क्रूर आहे हेही त्यांना ठाऊक होते. लहानपणी आपण नोबितासारखेच होतो असे सांगणाऱ्या लेखकाला ते ठाऊक असणे स्वाभाविक आहे.

४

१९८० नंतर जियानच्या दोन प्रतिमा समांतर चालू लागल्या. साप्ताहिक मालिकेतील जियान मारतो, आणि वार्षिक चित्रपटांतील जियान मित्रासाठी जीव धोक्यात घालतो. १९८० च्या पहिल्या चित्रपटात प्राचीन युगात अडकलेल्या मुलांपुढे प्रश्न पडतो, की नोबिताचा लाडका डायनासोर शिकाऱ्याच्या हवाली करून सुखरूप घरी परतावे की पायी पुढची वाट धरावी. तेव्हा आपला हात नोबिताने संकटात सोडला नव्हता हे स्मरून जियान चालण्याच्या बाजूने उभा राहतो. चित्रपटातला जियान चांगला, ही उक्ती जपानमध्ये जवळजवळ म्हणीसारखी झाली आहे. ह्याचे स्पष्टीकरण स्वभावबदलात शोधणे व्यर्थ होय. टोळीच्या सीमेबाहेरचे संकट आले की टोळीनायकाचे दुसरे कर्तव्य जागे होते, इतकेच. साप्ताहिक कथांत बाहेरचा शत्रू नसतो, म्हणून तेच बळ आतल्यांवर चालते.

त्याच्या गायनाचे कार्यक्रमही ह्याच संदर्भात वाचले पाहिजेत. मोकळ्या भूखंडावर मुलांना धाकाने बोलावले जाते, असह्य गाणे ऐकवले जाते आणि टाळ्या वाजवणे सक्तीचे असते. विनोद येथे गाण्याच्या बेसूरपणात नाही, तो श्रोत्यांच्या चेहऱ्यांत आहे. प्रत्येकाला सत्य ठाऊक आहे आणि प्रत्येक जण टाळ्या वाजवतो आहे.

५

ह्या टाळ्यांचा अर्थ १९८० च्या दशकात अधिक गंभीर झाला. ‘इजिमे’ म्हणजे शाळेतील छळ हा तेव्हा जपानमध्ये राष्ट्रीय चिंतेचा विषय बनला. १९८६ मध्ये टोकियोतील एका विद्यार्थ्याने आत्महत्या केली. वर्गात त्याच्या खोट्या अंत्यविधीचा खेळ मांडला गेला होता आणि त्यात शिक्षकांनीही भाग घेतला होता. त्याच वर्षी योजि मोरिता आणि केन्जि कियोनागा ह्या अभ्यासकांनी ह्या छळाची चार स्तरांची रचना मांडली: छळणारे, छळला जाणारा, खिदळून उत्तेजन देणारे प्रेक्षक आणि गप्प राहणारे बघे. येथे सेनापती नाही, टोळीची सीमा नाही आणि रक्षणाचे कर्तव्यही नाही. सारा वर्गच छळाचे यंत्र बनतो आणि त्याला चेहरा उरत नाही.

ह्या पार्श्वभूमीवर जियानविषयी एक स्मरणरंजन निर्माण झाले. पूर्वीचा गाकि-दाइशो मारी, पण त्याला मर्यादा ठाऊक होती, तो नाहीसा झाला म्हणून मुलांचे जग बिघडले, असा त्याचा सूर. ह्या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे. चेहरा असलेल्या छळाला विरोध करता येतो, हे मार्च १९७४ ची कथाच दाखवते. तथापि हा युक्तिवाद संहितेच्या अर्ध्याच भागावर उभा आहे. तो एप्रिलची थाप विसरतो आणि भूखंडावरच्या सक्तीच्या टाळ्याही विसरतो. प्रेक्षक आणि बघे जियानच्या राज्यात आधीपासूनच होते. सुनिओचे खिदळणे आणि इतरांचे मौन ह्यांशिवाय त्याची एकही दांडगाई पार पडत नाही. नव्या छळाने नायक तेवढा वगळला, बाकीची रचना जुन्याकडूनच उसनी घेतली.

मुख्य म्हणजे, मर्यादा पाळली गेली की नाही हे ठरवणार कोण? जपानच्या २०१३ च्या छळप्रतिबंधक कायद्याने ह्याचे उत्तर दिले आहे. ज्या कृतीने समोरच्या मुलाला शारीरिक वा मानसिक वेदना होते, ती कृती छळ होय. व्याख्येचे केंद्र छळणाऱ्याच्या हेतूकडून सोसणाऱ्याच्या अनुभवाकडे सरकले. ‘डोरेमॉन’चे निवेदन मुळापासून ह्याच बाजूने झाले आहे. रडत घरी येणाऱ्या नोबितापासूनच त्याच्या असंख्य कथा सुरू होतात. स्मरणरंजन करणारा प्रौढ वाचक नकळत जियानच्या जागी जाऊन बसतो, संहिता मात्र नोबिताच्या शेजारची जागा सोडत नाही.

मराठीत ‘दादा’ हा शब्द थोरल्या भावासाठी आहे आणि गल्लीतल्या गुंडासाठीही. जियान दोन्ही अर्थांनी दादा आहे. चित्रकथा काढणाऱ्या धाकट्या बहिणीवर, जायकोवर, तो जिवापाड माया करतो आणि तिच्यासाठी इतर मुलांना वेठीला धरतो. ह्या दोन अर्थांची संगती आपल्या भाषेने फार पूर्वीच मान्य करून टाकली आहे. त्या मान्यतेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न तिने विचारलेला नाही. इचियो ह्यांनी तो कपाळावरच्या चिखलाने विचारला आणि फुजिमोतो ह्यांनी एक एप्रिलच्या थापेने. दांडगट मुलावर प्रेम करण्याचा अधिकार समीक्षेलाही आहे, परंतु त्याच्यासाठी टाळ्या वाजवताना आपण भूखंडावर कोणत्या रांगेत बसलो आहोत, एवढे तरी तिने तपासून पाहावे.