३०३ची गोळी ३०३ नसते

आपल्या नरनाळ्यावर नवगजी तोफ आहे. तिचा गोळा नळीपेक्षा जरा लहानच लागायचा, तोंडातून आत सारायचा ना! ठासणीच्या बंदुकीचंही तेच. मागून काडतूस भरायच्या रायफली आल्या नि हिशोब उलटला. पोलिसांच्या ‘३०३’चं भोक ०.३०३ इंच, गोळी मात्र ०.३११ इंच. तांबेमिश्रित कवच नळीतल्या आट्यांत रुतलं, तरच गोळी फिरत सरळ जाते.

मोठी गोळी साच्यातून दाबून बारीक करता येते. पण कवच थोडं परत फुगतं, आतलं शिसं दबलेलंच राहतं. दोघांत फट, नेम गेला! म्हणून खडकी, वरणगावच्या कारखान्यांत गोळी मुळातच मापाची घडवतात. अन् विनापरवाना घरी काडतुसं भरणं १९५९च्या शस्त्र कायद्यानं गुन्हाच.