‘पबमेड’च्या नोंदी आणि ‘बायोपायथॉन’

वैद्यकशास्त्रातील कोणत्याही प्रश्नाचा अभ्यास करायचा, तर त्यावर आजवर काय लिहिले गेले आहे हे आधी पाहावे लागते. त्यासाठी जगभरचे संशोधक ज्या माहितीसंचयाकडे वळतात, तो म्हणजे ‘पबमेड’. अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय तो चालवते. त्यात आज साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. या ग्रंथालयाच्या सूचीकार्याची परंपरा १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केलेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या छापील सूचीपर्यंत मागे जाते. १९६४ मध्ये हे काम संगणकावर आले, १९७१ मध्ये ‘मेडलाइन’ ही दूरस्थ सेवा सुरू झाली आणि १९९७ मध्ये ‘पबमेड’च्या रूपाने ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. छापील सूची २००४ अखेर थांबली.

एखाद्या विषयावरील पाच-पंचवीस नोंदी डोळ्यांनी वाचता येतात. पाच हजार नोंदींसाठी मात्र आज्ञावलीच लागते.

नोंदीची घडण

‘मेडलाइन’ स्वरूपातील नोंद ही साध्या मजकुराची असते. प्रत्येक रकान्याच्या आरंभी खूणअक्षरे असतात. ‘पीएमआयडी’ म्हणजे नोंदीचा क्रमांक, ‘टीआय’ म्हणजे शीर्षक, ‘एयू’ लेखक, ‘एबी’ गोषवारा, ‘एडी’ लेखकाची संस्था, ‘डीपी’ प्रकाशनाचा काळ, ‘एमएच’ विषयशब्द आणि ‘पीटी’ लेखनाचा प्रकार. खूणअक्षरांसाठी चार जागा राखलेल्या असतात. त्यानंतर आडवी रेघ आणि मग मजकूर येतो. मजकूर पुढील ओळीवर गेला, तर ती ओळ सहा जागा सोडून सुरू होते. दोन नोंदींच्या मध्ये एक ओळ रिकामी असते.

आज्ञावली काय करते

‘पायथॉन’ या संगणकभाषेत जीवशास्त्राच्या कामासाठी तयार केलेला मुक्त आज्ञासंग्रह म्हणजे ‘बायोपायथॉन’. स्वयंसेवी प्रोग्रॅमरांनी १९९९ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यातील ‘एंट्रेझ’ हा विभाग ग्रंथालयाच्या सर्व्हरकडून नोंदी मागवतो, तर ‘मेडलाइन’ हा विभाग त्यांचे पृथक्करण करतो.

काम दोन टप्प्यांत होते. ‘ई-सर्च’ला शोधशब्द दिले, की जुळणाऱ्या नोंदींचे क्रमांक मिळतात, ते ‘ई-फेच’ला दिले, की प्रत्यक्ष नोंदी मिळतात. मागणी करताना आपला ई-मेल पत्ता देणे अपेक्षित आहे. नोंदणीची कळ नसेल तर सेकंदाला तीन, असेल तर दहा मागण्या करता येतात. ‘पबमेड’च्या एका शोधातून पहिले १० हजार क्रमांकच हाती येतात, त्यामुळे मोठ्या शोधाचे वर्षवार तुकडे पाडावे लागतात.

एकच नोंद असेल तर ‘रीड’ आणि अनेक असतील तर ‘पार्स’ वापरायचे. प्रत्येक नोंद शब्दकोशासारख्या रचनेत मिळते. ‘टीआय’ विचारले की शीर्षकाचा सलग मजकूर मिळतो. ‘एयू’ वा ‘एमएच’ विचारले की यादी मिळते. ‘पार्स’ नोंदी एकेक करून पुढे देते. त्यामुळे संगणकाच्या स्मृतीवर भार पडत नाही. परंतु एकदा वाचून संपलेला प्रवाह पुन्हा वाचता येत नाही. नोंदी पुन्हा लागणार असतील, तर त्या आधीच यादीत साठवाव्यात.

रिकाम्या रकान्याचा अर्थ

नोंदीत जो रकाना नाही, तो थेट मागितल्यास आज्ञावली त्रुटी दाखवून थांबते. म्हणून ‘गेट’ या पद्धतीने, पर्यायी उत्तर देऊन रकाना मागावा, असा प्रघात आहे. तांत्रिक अडचण त्याने सुटते. पण रकाना का नाही, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर बहुधा सूचीच्या इतिहासात सापडते.

गोषवारे १९७५ पासूनच्या नोंदींत येऊ लागले, आणि त्यांतील अनेक २५० शब्दांवर तोडलेले आहेत. लेखकांची संख्या १९८४ ते १९९५ या काळात दहावर, तर १९९६ ते १९९९ या काळात पंचविसावर मर्यादित होती. लेखकांची पूर्ण नावे २००२ पासून नोंदवली जाऊ लागली; त्याआधी केवळ आडनाव आणि आद्याक्षरे. पाटील, कुलकर्णी, जोशी अशा आडनावांच्या बाबतीत त्यामुळे अनेक व्यक्ती एकाच नावाखाली जमा होतात. संस्थेचा पत्ता १९८८ पासून दिला जाऊ लागला, पण तो केवळ पहिल्या लेखकाचा. सर्व लेखकांचे पत्ते २०१४ च्या सुमारास आले. शहराचे अधिकृत नाव १९९५ मध्ये बदलले. त्यामुळे पत्त्यात केवळ ‘मुंबई’ शोधणाऱ्याच्या हातून ‘बॉम्बे’ असे लिहिलेल्या त्याआधीच्या नोंदी निसटतात. या बाबी ध्यानात न घेता काढलेला आलेख संशोधनातील वाढ दाखवत नाही. तो नोंदणीच्या नियमांतील बदल दाखवतो.

विषयशब्दांचेही असेच आहे. तारांकित शब्द निबंधाचा मुख्य विषय दर्शवतो, तिरप्या रेघेनंतरचा शब्द त्याचा पैलू. मात्र ‘पबमेड’मधील सर्वच नोंदी ‘मेडलाइन’च्या नसतात, आणि ज्या नसतात त्यांना विषयशब्द मिळत नाहीत. केवळ विषयशब्दांवर विसंबलेला शोध त्यांना मुकतो. ‘डीपी’मध्ये कधी दिनांक, कधी दोन महिन्यांची जोडी, तर कधी केवळ ऋतू असतो, वर्ष हवे असल्यास पहिली चार अक्षरे घेणे श्रेयस्कर. लेखक आणि त्याची संस्था यांची जोडी हवी असल्यास मात्र साधा मजकूर सोडून ‘एक्सएमएल’ स्वरूप घ्यावे; कारण पृथक्करणानंतर लेखक आणि पत्ते वेगवेगळ्या याद्यांत पडतात आणि कोणता पत्ता कोणाचा, हे कळत नाही.

मागे घेतलेले निबंध

सर्वांत गंभीर चूक याहून साधी असते. गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील एकत्रित लस आणि ऑटिझम यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा निबंध ‘द लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापला. तो १२ मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला होता. नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला. नोंद मात्र ‘पबमेड’मध्ये राहिली, मागे घेतल्याची खूण ‘पीटी’ या रकान्यात, तर त्याविषयीच्या निवेदनाचा संदर्भ ‘आरआयएन’ या रकान्यात जोडला गेला. २००३ साली उतरवून घेतलेल्या प्रतीत ही खूण असणे शक्यच नाही. केवळ शीर्षक आणि गोषवारा उचलून इतर रकाने टाकून देणाऱ्या आज्ञावलीला ‘पीटी’ व ‘आरआयएन’मधील खुणा दिसतच नाहीत.

उपचारांविषयीचे निष्कर्ष अशाच संकलनांवर उभे राहतात. म्हणून नोंदी कोणत्या दिवशी उतरवल्या ते लिहून ठेवणे, ‘पीटी’ हा रकाना प्रत्येक वेळी तपासणे आणि अंतिम निष्कर्षापूर्वी त्याच क्रमांकांच्या नोंदी पुन्हा एकदा मागवणे, एवढी खबरदारी घ्यायला हवी. त्यासाठी आज्ञावलीच्या मोजक्या ओळी पुरतात.